सरांनी तोललेली वजनं

सकाळी ऑफिसात शिरताना मी "गुड मॉर्निंग, सर" म्हणायचे आणि सर मान वर न करता विचारायचे, "कशावरून?"

सुरुवातीला मला वाटलं, गंमत करतायत. मग लक्षात आलं की ते खरोखर उत्तराची वाट बघतायत. एकदा मी म्हटलं, "ऊन छान पडलंय म्हणून." ते उठले, खिडकीचा पडदा बोटभर सरकवला आणि आमच्या सनायातल्या रस्त्याकडे, म्हणजे ट्रक, धूळ आणि जुन्या टायरांच्या डोंगराकडे, बराच वेळ बघत राहिले. परत बसताना म्हणाले, "ऊन पडलंय. छान आहे की नाही ते संध्याकाळी सांगतो."

संध्याकाळी सांगितलं. नव्हतं छान.

सनाया म्हणजे दोह्याचा इंडस्ट्रियल एरिया. तिथल्या एका गॅरेजात वाळूत पळवायच्या गाड्या दुरुस्त होत, आणि मी तिथे गिऱ्हाइकांच्या टेबलावर होते. नवरा गॅस कंपनीत, मुलं शाळेत, आणि घरी मी मराठीत विचारलं की उत्तर इंग्रजीत. दिवसभर कुणाशी तरी मराठीत बोलायला मिळावं म्हणून मी ती नोकरी धरली, आणि नशिबी आले हे सर. मूळचे कराडचे, गॅरेजचे मॅनेजर. माणूस इतका संशयी की आरशात बघायच्या आधी आरशामागे बघून घेई. चहा आला की आधी वास घेत, मग कप फिरवून बघत, मग माझा कप स्वतःकडे ओढून त्यांचा माझ्याकडे सरकवत. काही दिवसांनी त्यांना वाटलं की मला हे कळलंय आणि मी आधीच कप बदलून ठेवते, म्हणून ते पुन्हा स्वतःचाच पिऊ लागले. गॅरेजात कॅमेरा होता. त्या कॅमेऱ्यावर लक्ष ठेवायला त्यांनी दुसरा कॅमेरा बसवला. आता दुसऱ्यावर कोण लक्ष ठेवणार, ह्या विचाराने ते पूर्ण रमझानभर झोपले नाहीत असं त्यांच्या मिसेस, आमच्या वहिनी, म्हणायच्या, आणि वहिनी माझ्यासारख्या तिखटमीठ लावणाऱ्या नव्हेत.

सरांचा सगळ्यात जुना संशयित म्हणजे आमचे हसनभाई. रत्नागिरीकडचे, साठीला टेकलेले, एक गुडघा कामातून गेलेला आणि तोंड अजून नवंकोरं. गॅरेजातलं इंजिन बंद पडेल, हसनभाई नाही. सरांना त्यांनीच नाव ठेवलं होतं, संकासूर. शिमग्यात त्यांच्या गावात काळे कपडे आणि उंच टोपी घालून तो नाचतो म्हणे. "आमचा संकासूर निदान नाचतो तरी," हसनभाई म्हणायचे. "ह्यो नुसता बगत ऱ्हातो."

"हसन, माझ्यामागे काय बोलतोस ते मला माहीत आहे," सर म्हणायचे.

"मग पुढ्यात बोलू, साहेब?"

"पुढ्यात बोलणारा माणूस मागे वेगळंच बोलतो."



तर ह्या दोघांच्या मधे आमच्या मालकांनी एक दिवस बर्फावरची गाडी आणून ठेवली.

मालक कतरी, मनाने दिलदार, मोडकं हिंदी आणि घाईचं इंग्रजी बोलणारे. कुठल्याशा थंड देशात सुट्टीला गेले, तिथे स्नोमोबाइलवर बसले आणि तिच्या प्रेमात पडून तिला पेटीत घालून घरी घेऊन आले. पुढे बर्फावर घसरायच्या दोन पट्ट्या, मागे रणगाड्यासारखा रबरी पट्टा, आणि आवाज असा की अल रय्यानमधली पोरं दचकून झोपेतून उठावीत. मालकांच्या चुलतभावांनी तिला बघून पोट धरधरून हसून घेतलं. इथे बर्फ फक्त फ्रीजरमध्ये. तेव्हा मालकांनी सगळ्यांसमोर शब्द दिला की दोह्याबाहेर सीलाइनच्या वाळवंटातल्या मोठ्या टेकडीवर ही गाडी वाळूतून चढवून दाखवीन. मग ते आमच्याकडे वळले आणि म्हणाले, "यल्ला, करो."

करो म्हणजे काय, आम्ही केलं! ती गाडी पोटाखाली उडणाऱ्या बर्फाने थंड होते. इथे पोटाखाली तापलेली वाळू उडणार, म्हणून हसनभाईंनी तिला मोठा रेडिएटर बसवला. पट्ट्यांना चाकं लावली. पण खरी गोम होती क्लचमध्ये. त्या गाडीला गिअर नसतात. क्लचच्या पोटात बोटाएवढे तीन लोखंडी हात असतात, त्यांना वजनं म्हणायचं. इंजिन जोरात फिरलं की ही वजनं बाहेर फेकली जातात आणि बेल्टला चिमटीत धरून गाडी पुढे लोटतात. वजनं जड असली तर चढावर इंजिन गुदमरतं. हलकी असली तर इंजिन नुसतं किंचाळतं आणि गाडी जागच्या जागी वाळू उपसते. बर्फासाठी बसवलेली वजनं आमच्या वाळूला आणि आमच्या तापलेल्या हवेला जड पडत होती.

सरांनी नवी वजनं निवडायला बसावं आणि आम्ही बघावं. बाजारात अशी वजनं मिळतात की ज्यांत बारीक भोकं असतात, आणि भोकांत हलके-जड स्क्रू फिरवून वजन हवं तसं कमी-जास्त करता येतं. ॲडजस्टेबल.

"ॲडजस्टेबल म्हणजे काय?" सर संगणकासमोर बसून म्हणाले. "म्हणजे बनवणाऱ्यालाच खात्री नाही. तुम्हीच बघा म्हणतोय."

"साहेब, साधी घ्यायची तर दहा जोड मागवावे लागतील," हसनभाई म्हणाले. "ह्यात कसा, स्क्रू बदलला की झाला."

"तुला हेच हवंय कशावरून?"

"मना नको, तुमच्या गाडीला हवाय."

शेवटी ॲडजस्टेबल घ्यायचं ठरलं. पण कुणाचं? पहिल्या कंपनीचा फोटो फार चकचकीत होता, म्हणजे काहीतरी लपवतायत. दुसऱ्या कंपनीखाली गिऱ्हाइकांनी अभिप्राय लिहिले होते आणि सगळेच्या सगळे खूश होते. सर खुर्ची मागे ढकलून म्हणाले, "सगळे खूश? अहो मॅडम, घरचे लोक बसवून लिहून घेतलंय हे." तिसऱ्या कंपनीखाली कुणीतरी चिडून लिहिलं होतं की एक स्क्रू आखूड निघाला. सरांचा चेहरा उजळला. "ह्याच्याकडे तक्रार आहे. म्हणजे खरी माणसं वापरतायत. हेच मागवा."

अशी आली ती वजनं. पेटी उघडली तेव्हा सरांनी हातमोजे घातले होते. वर्कशॉपच्या काट्यावर तोलली, तिन्ही बरोबर. सर म्हणाले, हा काटा आपलाच आहे, आपल्याला बरं वाटेल असंच दाखवणार. आणि ते मला घेऊन थेट सोन्याच्या बाजारात गेले.

मी हे बऱ्याच लोकांना सांगितलंय आणि कुणी विश्वास ठेवत नाही, पण सूक वाकिफजवळच्या त्या बाजारात, बायका बांगड्या तोलून घेतायत आणि त्यांच्यामधे उभे राहून आमचे सर खिशातून रुमालात गुंडाळलेलं लोखंड काढतायत, हे मी ह्या डोळ्यांनी पाहिलंय. दुकानदार गुजराती होता. त्याने वजनाकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "अंदर क्या है?"

"लोहा."

"ऊपर लोहा. अंदर?"

त्याला वाटलं, आत सोनं लपवलंय. सरांना आयुष्यात पहिल्यांदा आपल्या जातकुळीचा माणूस भेटला होता. दोघं एकमेकांकडे इतक्या कौतुकाने बघत होते की मला आपण तिथे उगाच आहोत असं वाटायला लागलं. काट्यावर वारा लागू नये म्हणून सरांनी एसी बंद करायला लावला. बायका घामाने भिजल्या, एक तर बांगडी तशीच हातात घालून बाहेर पळाली आणि दुकानदार तिच्यामागे. तीन दुकानांत वजनं तोलली. तिन्ही ठिकाणी आकडा तोच.

 परतताना सिग्नलला सर म्हणाले, "तिन्ही ठिकाणी एकच आकडा. ठरवून ठेवलेलं दिसतंय."

मग सुरू झाली स्क्रूंची फिरवाफिरवी. सनायाच्या मागे वाळूचा एक चढ आहे, तिथे हसनभाई गाडी पळवायचे आणि सर खाली उभे राहून ओरडायचे. गाडी गुदमरली की एक स्क्रू हलका. किंचाळली की जड. हसनभाई कानाने ठरवायचे, सर इंजिनाच्या फेऱ्यांच्या काट्यावरून. मग सरांना त्या काट्याचा संशय आला, म्हणून त्यांनी शेजारी दुसरा काटा बसवला. दोन काट्यांनी वेगवेगळे आकडे दाखवले तेव्हा ते इतके खूश झाले की आम्हा सगळ्यांना त्यांनी लस्सी पाजली. वास घेऊन.

पण जमलं. एका संध्याकाळी ती बर्फगाडी त्या चढावर अशी गेली, जणू तिच्या आईने तिला वाळूतच जन्म दिला होता. हसनभाई वरून ओरडले, "आता इन्शाल्ला सीलाइनला पन जाईल!"

सरांच्या कपाळावर आठी. "इन्शाल्ला का म्हणाला? ह्याला कसली शंका आहे?"

आता हसनभाईंचं एक सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. बरवा अल बराहाच्या कामगार वस्तीत, एका खोलीत बाकीच्यांबरोबर पूर्ण आयुष्य काढलेल्या ह्या माणसाची बायको पहिल्यांदाच दोह्याला येणार होती. विमान तिने फक्त खालून पाहिलेलं. हसनभाईंनी अल रय्यानला भाड्याची खोली बघितली होती, आणि खोली पक्की व्हायच्या आधीच बाजारातून पडदे आणले होते. फिकट हिरवे. ते त्यांनी मला इतक्यांदा उलगडून दाखवले की घडीवर कायमच्या रेघा पडल्या. पण त्यांचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपत आला होता. तो मालकांनी नवा करून दिला तर बायकोचा व्हिसा. नाही दिला तर हसनभाईच परत, आणि त्या गुडघ्यासकट दुसरं कोण कामाला ठेवणार? मालकांनी सांगून ठेवलं होतं, टेकडी चढली की लगेच करू.

टेकडी शुक्रवारी चढायची होती. जमलेली वजनं तोवर गाडीत ठेवायला सरांचा जीव धजेना. समोरच्या गॅरेजवाल्यांनी हात लावला तर? दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी ती स्वतः काढली, डब्यात भरली आणि घरी नेली. शुक्रवारच्या आदल्या दिवशी डबा परत आला तेव्हा आतलं पुडकं चारी बाजूंनी टेपने बांधलेलं, आणि टेपवर सरांची सही. हसनभाईंच्या हातात देताना म्हणाले, "फोडायचं, बसवायचं. बाकी हात लावायचा नाही. पुसापुशी नाही, तेल नाही, काही नाही. जसं आहे तसं."

हसनभाईंनी पुडकं फोडलं, आत बघितलं, सरांकडे बघितलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"काय?" सर म्हणाले.

"काय नाय," हसनभाई म्हणाले. एवढं थोडक्यात ते त्याआधी कधीच बोलले नव्हते. मला ते तेव्हाच खटकायला हवं होतं.

शुक्रवारी सीलाइनला मालक, मालकांचे चुलतभाऊ, चुलतभावांचे मित्र, त्या मित्रांचे ससाणे, एवढा जमाव. मालक स्वतः गाडीवर बसले. गाडी निघाली आणि पहिल्याच चढाला थरथरायला लागली. पुढे जाते, आचके देते, पुन्हा जाते. अर्ध्यात पोचली आणि बेल्टचा जळका वास खालपर्यंत आला. मग धूर. मग मालक टेकडीच्या बरोबर मध्यावर, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, मेलेल्या गाडीवर बसलेले, आणि खाली सगळ्यांचे फोन वर.

मालक चालत खाली आले. आवाज चढवला नाही, तेच वाईट होतं. "पहले चलता था. आज नहीं. बीच में कौन किया?"

सर म्हणाले, "हसन."

मला अजून तो क्षण आठवतो. सरांना जराही अडखळावं लागलं नाही. आणि हिशेब चोख होता. सनायात गाडी चढली होती. मग वजनं सरांच्या ताब्यात, कुलपात. मग हसनभाईंनी बसवली. मग गाडी चढली नाही. समोरच्या गॅरेजच्या मेकॅनिकबरोबर हसनभाई नमाजनंतर जेवतात, हे तर कॅमेऱ्यात होतंच. दोन्ही कॅमेऱ्यांत.

मालकांनी हसनभाईंकडे पाहिलं आणि म्हणाले, "इकामा खलास. घर जाओ."

 हसनभाई वाळूत बसले आणि गुडघा चोळत राहिले.

दुसऱ्या दिवशी सरांनी क्लच सगळ्यांसमोर उघडायचा ठरवला. पुरावा हवा होता. त्यांनी हातमोजे घातले, कॅमेरे दोन्ही वळवून घेतले, मला साक्षीला उभं केलं, आणि हसनभाईंना समोर स्टुलावर बसवलं. एकेक वजन हलवून बघितलं. दोन हात आपापल्या खिळीभोवती मोकळे फिरत होते. तिसरा आखडलेला. बोटाने ढकलला तर हलेना. त्याच्या खिळीच्या भोकात काहीतरी चिकट, सुकलेलं, पिवळट होतं.

सरांच्या डोळ्यांत जी चमक आली ती मी कराडच्या माणसाच्या डोळ्यांत दसऱ्या-दिवाळीलाही पाहिलेली नाही. "केमिकल!" ते म्हणाले. "बघा मॅडम. केमिकल घातलंय. वास घ्या. तुम्ही घ्या, मी नाही घेत."

मी घेतला.  तो वास मला आमच्या स्वयंपाकघरातून पाठ होता.

"सर," मी म्हटलं, "हळद आहे."

"हळदीसारखं केमिकल."

"नाही सर. हळद. आणि ते लाल आहे ना, कडेला, ते..."

मी थांबले, कारण सरांनी चिमट्याने स्क्रूच्या भोकातून काहीतरी उकरून काढलं होतं. तांदळाचा दाणा. त्यांनी तो उजेडात धरला. अख्खा होता, टोक मोडलेलं नव्हतं, आणि एका बाजूने कुंकवाने लाल.

मला त्यांची दया आली. मी म्हटलं, "बिर्याणीचा असेल सर. हसनभाई जेवले असतील तिथे."

आणि बघा माणूस कसा असतो. पळवाट मी दाखवली होती, सोपी होती, हसनभाई समोरच बसलेले. सर दाण्याकडे बघत म्हणाले, "बिर्याणीला कुंकू लावतात, मॅडम?"

दसऱ्याला सगळेच आपली हत्यारं पुजतात. सरांनीही घरी देव्हाऱ्यासमोर पाट मांडला, त्यावर पक्कड, पाने, लॅपटॉप आणि ही तीन वजनं ठेवली, हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, तुपाच्या निरांजनाने ओवाळलं. नंतर मी वहिनींना विचारलं तर म्हणाल्या, "लॅपटॉपला एक बोट लावलं हो, पण त्या लोखंडाला दोन-दोनदा. म्हणाले, ह्या वेळी ह्यांचीच गरज आहे." तूप आणि हळद खिळीच्या भोकात गेली, टेपमध्ये गुंडाळलेल्या पुडक्यात सुकली, आणि तिसरा हात आखडला. ज्या माणसाने जगातल्या प्रत्येक वस्तूला कशावरून विचारलं, त्याने आपल्या देव्हाऱ्याला विचारलं नव्हतं.



मग सर हसनभाईंकडे वळले, आणि आवाज जुनाच. "तू बसवलंस तेव्हा दिसलं होतं?"

"दिसला होता."

"मग पुसलं का नाहीस?"

"तुमीच बोल्लात, हात लावायचा नाय."

"ते मी बोललो. तुला कळत होतं ना हे आखडेल?"

हसनभाई स्टुलावरून उठले. गुडघा कुरकुरला. "साहेब, पुजलेला होता ता. हळदकुंकू. देवापुढचा. मी कसा पुसू? आनि पुसला असता, आनि गाडी तरी पन नसती चढली, तर तुमी काय बोल्ला असतात? हसनने देवाचा पुसला म्हनून नाय चढली. हा की ना?"

 मी सरांना ओळखत होते. ते खरंच तसंच बोलले असते, आणि ते त्यांनाही ठाऊक होतं.

"काल वाळूत तरी सांगायचंत," मी म्हटलं.

"सगल्यांसमोर? मालकाच्या पुढ्यात, की तुमच्या पूजेमुले नाय चढली?" हसनभाईंनी मान हलवली. "ताई, माजा इकामा जाताय तो जाताय. माज्या तोंडातून ता नाय निघायचा."

सरांनी हातमोजे काढले. एक, मग दुसरा. मग सरळ मालकांच्या केबिनमध्ये गेले. दार लावलं, पण ते दार काचेचं आणि मी कुठली बाजूला सरणारी! सर उभे राहून सांगत होते. हाताने ओवाळून दाखवलं. दाणा दाखवला. मालक ऐकत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे यायला लागलं ते मी ओळखलं. रोज सकाळी बघायचे मी ते. फक्त दुसऱ्या चेहऱ्यावर.

मालकांना वाटलं, सर खोटं बोलतायत. काल स्वतः नाव घेतलं, आज स्वतःवर घेतोय. पिवळी पावडर, तांदूळ, पूजा, ही कसली गोष्ट? दोघं एका भाषेचे, एका मुलखाचे. हसनला वाचवायला रचलंय सगळं.

सर बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "मॅडम," ते म्हणाले, "मी खरं सांगितलं आणि त्यांनी मानलं नाही."

मी म्हटलं, "कसं वाटतं, सर?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी त्यानंतर बराच वेळ गिऱ्हाइकांची बिलं न चुकता बनवली.

मग ते पुन्हा आत गेले आणि म्हणाले, जळलेला बेल्ट बदलतो, पण वजनं धुऊन, तशीच, एकही स्क्रू न बदलता बसवतो. गाडी पुन्हा त्याच टेकडीवर. चढली तर हसनचा इकामा. नाही चढली तर हसनबरोबर मीही जातो. मालकांनी ह्यातही काहीतरी डाव असेल म्हणून बराच वेळ विचार केला आणि मग म्हणाले, "ठीक. लेकिन मैं नहीं बैठेगा."

हसनभाईच बसले. पुढच्या शुक्रवारी पहाटे सीलाइनला गेलो, ह्या वेळी फक्त मालक, आम्ही तिघं आणि थंडगार वाळू. वजनं गॅरेजात हसनभाईंनीच पेट्रोलने धुतली होती, आणि धुताना तोंडाने काहीतरी पुटपुटत होते. मी विचारलं तर म्हणाले, "माफी मागतो, ताई. तुमच्या देवाची." धुऊन झाल्यावर त्यांनी वजनं सरांपुढे धरली होती. "बगा, साहेब. नीट बगून घ्या. मागून माज्यावर नको." सरांनी एक हात फिरवून बघितला. दुसरा बघितला. तिसरा हातात घेतला, आणि न बघताच परत दिला.

गाडी निघाली. थरथर नाही, आचके नाहीत. इंजिनाचा आवाज एकसारखा, ना गुदमरलेला ना किंचाळणारा. अर्ध्यावर, जिथे ती मेली होती तिथे, ती थांबलीसुद्धा नाही. मग माथा आला, वाळूचा फवारा उडाला, आणि गाडी पलीकडे दिसेनाशी झाली.

आणि आवाज थांबला.

एकदम. चिडीचूप. मी कान दिले. काही नाही. वाऱ्यावर वाळू सरकल्याचा आवाज तेवढा.

मालकांनी हात झटकले. "खलास. बंद हो गया."

मी सरांकडे पाहिलं. आता हा माणूस कोसळणार, माझी खात्री होती. पण सर माथ्याकडे बघत शांत उभे होते.

"बंद पडली नाही," ते म्हणाले. "त्याने बंद केली. गरम इंजिन उगाच चालू ठेवणारा नाही तो."

"कैसे मालूम?" मालक म्हणाले.

"हसन है," सर म्हणाले. तेवढंच.

आम्ही तिघं त्या माथ्याकडे बघत उभे. मी मनातल्या मनात सगळे देव आळवले, आणि त्यांना सांगितलं की कुंकू लावणार नाही, काळजी नको. मग माथ्यावर एक डोकं उगवलं. मग हेल्मेट धरलेला हात. हसनभाई लंगडत माथ्याच्या कडेला आले आणि तिथून सरांना त्यांनी जी शिवी घातली ती रत्नागिरीत प्रेमाने घालतात आणि छापायची सोय नाही.

मालक हसले. खरोखर हसले, पोट धरून. मग म्हणाले, "संडे को करेगा इकामा."

आणि गाडीकडे वळले. मी सुटकेचा श्वास सोडणार, तेवढ्यात सर त्यांच्या आडवे गेले. "संडे क्यों? मोबाइल पे होता है. अभी करो. इधर रेंज है."

"अरे, मैं बोला ना."

"बोला. अभी करो, प्लीज."

मालकांनी त्यांच्याकडे पाहिलं, डोकं हलवलं, आणि खिशातून फोन काढला. सर त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे. मालक बटणं दाबत होते आणि सर म्हणत होते, स्पेलिंग बघा, जन्मतारीख बघा, तो दुसरा हसन नाही ना. मालक वैतागून हसत गाडीत जाऊन बसले. हसनभाई तोवर धापा टाकत खाली पोचले होते. त्यांच्या फोनची घंटी वाजली. मेसेज आला होता.

सरांनी फोन त्यांच्या हातातून घेतला. चष्मा कपाळावर सरकवला, फोन नाकाशी आणून वाचला. मग हात लांब करून वाचला. मग मला वाचायला दिला. मी वाचला. इकामा झाला होता.

"झाला, साहेब," हसनभाई म्हणाले.  "आता घरी सांगू?"

"थांब," सर म्हणाले. "आधी फोन बंद कर आणि परत चालू कर. मेसेज राहतो का बघू."

"साहेब..."

"कर म्हणतो ना! बायकोला कळवायचं आणि मग काही घोळ निघाला तर? ती तिकडे गावभर सांगेल."

हसनभाईंनी फोन बंद केला. मालकांनी गाडीतून हॉर्न दिला. आम्ही कुणी हललो नाही. तिघं वाळूत, तीन डोकी एकमेकांना लावून, त्या काळ्या पडद्याकडे बघत उभे. तो फोनही असा जुना की चालू व्हायला त्याने आमचं आयुष्य खाल्लं. मालकांनी पुन्हा हॉर्न दिला.

पडदा उजळला. मेसेज तिथेच होता.

"लाव फोन," सर म्हणाले. आणि तिला काय सांगायचं ते हसनभाईंना सुचायच्या आत, पाठ वळवून, मालकांच्या गाडीकडे चालायला लागले.